टाके वरचे, जखम आतली

एकदा ऑपरेशन झालेलं पोट काही कारणानं पुन्हा उघडायची वेळ आली, तर आत सगळं सुटं आणि मोकळं सापडेल अशी आशा कुठलाही अनुभवी सर्जन धरत नाही. मेन्झीस आणि हॅरल्ड एलिस या इंग्लंडमधल्या सर्जननी अशा २१० रुग्णांच्या नोंदी १९९० साली प्रसिद्ध केल्या. त्यातल्या ९३ टक्के लोकांच्या पोटात आतडी एकमेकांना, नाहीतर पोटाच्या भिंतीला, कुठे ना कुठे चिकटलेली होती. ज्यांच्या पोटाला आधी कधीच सुरी लागली नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास निघालं.

पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांत कुठल्याही वाडीवर बसून घरटी विचारलं, तर पोटावर टाके असलेलं माणूस जवळपास प्रत्येक घरात निघतं. सुनेचं सिझर, सासूचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, मोठ्या जावेची पिशवी काढलेली, दिराचं अपेंडिक्स. महाराष्ट्रात चारातलं एक बाळंतपण सिझरनं होतं आणि लग्न झालेल्या जवळपास निम्म्या बायकांची नसबंदी झालेली असते, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१चे आकडे आहेत. म्हणजे आतडी चिकटण्याचा विषय चार-दोन दुर्मीळ रुग्णांपुरता नाही. पण लगेच घाबरून जायचंही कारण नाही. यातल्या बहुतेकांना आयुष्यात कधी काही होत नाही. आतडी चिकटलेली असतात आणि माणूस भाताची लावणी करत असतो, गड चढत असतो. ज्या थोड्यांना त्रास होतो त्यांना मात्र तो भलत्या वेळी, कधी ऑपरेशननंतर वीस वर्षांनी होतो. तोवर घरचेच काय, तो स्वतःही ऑपरेशन विसरलेला असतो.

हे चिकटणं होतं कसं?

पोटाच्या पोकळीला आतून आणि आतड्यांना बाहेरून एक पातळ, चकचकीत अस्तर असतं. त्याला पेरिटोनियम म्हणतात. पेशींचा एकच थर, पण सगळा उलगडून मोजला तर क्षेत्रफळ अंगावरच्या कातडीइतकं भरतं. त्यावर थोडा ओलावा कायम असतो, म्हणून सहाएक मीटर लांबीचं लहान आतडं दिवसरात्र हलतं आणि कुठे घासत नाही. ऑपरेशनमध्ये हे अस्तर कापलं जातं, पुसलं जातं, खरवडलं जातं, कोरडं पडतं. मग जखमेतून एक द्रव पाझरतो आणि त्यात फायब्रिन नावाचे चिकट धागे तयार होतात. पहिल्या काही तासांतला हा थर भाताच्या पेजेवर धरलेल्या सायीइतका नाजूक असतो, बोट लावलं तरी सुटतो. शरीराकडे तो विरघळवणारी रसायनंही असतात. तीन-चार दिवसांत फायब्रिन विरघळलं तर खालचं अस्तर आठवड्याभरात नवं येतं आणि मागे काही उरत नाही. पण नेमकं ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत ही विरघळवण्याची ताकद मंदावते. फायब्रिन तसंच राहिलं की त्यात पेशी शिरतात, तंतू विणले जातात, बारीक रक्तवाहिन्यासुद्धा उगवतात. एकदा रक्तवाहिनी आली की तो चिकटा राहत नाही, तो शरीराचा जिवंत भाग होतो. पुढे कुठलंही चूर्ण, काढा किंवा गोळी तो विरघळवू शकत नाही.

सगळा खेळ असा त्या पहिल्या आठवड्याचा आहे. त्यातलाही मोठा वाटा ऑपरेशन टेबलावरच्या तास-दोन तासांचा.

कातडीची मोठी जखम भरायला वेळ लागतो, कारण नवी कातडी कडेकडून आत सरकत येते. पेरिटोनियम तसं भरत नाही. ते सगळ्या उघड्या जागेवर एकाच वेळी भरून येतं, त्यामुळे हाताच्या पंजाएवढी जखम आणि नखाएवढी जखम जवळपास सारख्याच दिवसांत बरी होते. मग वर्षानुवर्षं सर्जन त्या अस्तराच्या कडा टाक्यांनी ओढून नीटनेटक्या का शिवत होते? उघडी जागा राहिली तर आतडं तिथे चिकटेल, या समजुतीनं. एलिस यांनी उंदरांवर प्रयोग करून १९६२ साली हे उलटं असल्याचं दाखवलं. उघडी ठेवलेली जखम बहुतेक वेळा स्वच्छ भरून आली आणि टाके घालून ताणून बंद केलेल्या जागी आतडी जास्त चिकटली. टाक्यांनी आवळल्यामुळे तिथला रक्तपुरवठा तुटला होता. उपाशी पडलेल्या त्या भागाला रक्त पोचवायला शेजारचं आतडं किंवा चरबीचा पडदा येऊन चिकटत होता. म्हणजे चिकटणं ही शरीराची चूक म्हणता येत नाही, ती मदत असते. अपेंडिक्स फुटतं तेव्हा हीच मदत जीव वाचवते, आजूबाजूची आतडी गोळा होऊन चिकटतात आणि पू पोटभर पसरू देत नाहीत. पुढे सिझरमध्ये अस्तर शिवावं की सोडून द्यावं, अशा प्रश्नांवर भारतासह सात देशांतल्या पंधरा हजारांहून अधिक बायकांवर कोरोनिस नावाचा अभ्यास झाला. काही वर्षांनी पुन्हा तपासल्यावर दोन्हींत फारसा फरक निघाला नाही. उंदराच्या पोटावरून बाईच्या पोटाबद्दल ठाम बोलू नये, हे यातून दिसतं. तरी रक्तपुरवठा तोडू नये हा एलिस यांचा मुद्दा आजही शाबूत आहे.

चांगल्या सर्जनचं काम बाहेरून बघणाऱ्याला संथ वाटतं. तो आतडं चिमट्यात पकडत नाही, ओल्या हातानं सावरतो. पोट बराच वेळ उघडं राहणार असेल तर आतड्यांवर कोमट सलाईननं भिजवलेला मॉप टाकतो, कारण दिव्यांच्या उष्णतेत अस्तर सुकलं की त्याच्या पेशी मरतात. कोरड्या मॉपनं खसाखसा पुसत नाही. रक्त साठू देत नाही, पण ते थांबवायला दिसेल तिथे डागणी देत सुटत नाही. शेवटी पोट धुऊन गुठळ्या काढतो. यातल्या एकाही गोष्टीचं बिल येत नाही आणि डिस्चार्ज कार्डावर त्याचा एका ओळीचाही उल्लेख नसतो.

हातमोज्यांची गोष्टही सांगण्यासारखी आहे. रबरी हातमोजे पटकन चढावेत म्हणून आत पावडर असायची, आधी टाल्कम, नंतर स्टार्च. ती पावडर पोटात सांडली की शरीर प्रत्येक कणाभोवती गाठ धरायचं आणि तिथे आतडी चिकटायची. सर्जन आधी मोजे धुऊन घ्यायचे, पण धुऊनही पावडर पूर्ण जात नाही. पावडरच्या मोज्यांवर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची पूर्ण बंदी यायला २०१७ साल उजाडलं. आतडी चिकटून ऑपरेशननंतर मृत्यू झाल्याची नोंद थॉमस ब्रायंट या लंडनच्या सर्जननं १८७२ साली केली होती. मधल्या दीडशे वर्षांत पोटात काय काय ओतून पाहिलं गेलं! ऑलिव्हचं तेल, लिक्विड पॅराफिन, लॅनोलिन, माशाच्या पोटातली हवेची पिशवीसुद्धा. त्यातलं बरंचसं चिकटणं वाढवणारं ठरलं, कारण शरीराला ते परकं होतं.

आज दोन प्रकारची साधनं वापरात आहेत. एक पातळ पापुद्रा, हायल्युरॉनिक आम्ल आणि सेल्युलोजपासून केलेला. जखमी जागेवर तो पसरला की दिवसा-दोन दिवसांत त्याची जेली होते आणि नवं अस्तर येईपर्यंत ती दोन पृष्ठभाग वेगळे ठेवते. सेप्राफिल्म नावानं त्याला १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. दुसरं साधन म्हणजे आयकोडेक्स्ट्रिनचा चार टक्क्यांचा द्रव. ऑपरेशनच्या शेवटी लिटरभर पोटात सोडून देतात. साधं सलाईन लवकर शोषलं जातं, हा द्रव तीन-चार दिवस टिकतो आणि तेवढा वेळ आतडी तरंगती ठेवतो. पापुद्र्याच्या सुरुवातीच्या चाचणीचे आकडे डोळे दिपवणारे होते. तो वापरलेल्यांपैकी निम्म्या रुग्णांत काहीच चिकटलं नव्हतं, न वापरलेल्यांत असे फक्त सहा टक्के होते. पण पेशंटला चिकटणं मोजून घ्यायचं नसतं, त्याला आतडं अडकू नये एवढंच हवं असतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या १,७०१ रुग्णांच्या चाचणीत त्या बाबतीत चित्र बरंच फिकं होतं. आतडं अडकून पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण ३.४ टक्क्यांवरून १.८ टक्क्यांवर आलं, पण आतडी अडकण्याच्या एकूण घटना कमी झाल्या नाहीत. शिवाय आतड्याचा जोड दिलेल्या जागेवरच तो पापुद्रा गुंडाळला तर जोड गळण्याचा धोका वाढतो. माझं मत असं की मोठ्या आतड्याचं किंवा ओटीपोटातलं मोठं ऑपरेशन असेल, तरुण बाईला पुढे मूल हवं असेल, किंवा पोट पुन्हा उघडायचं आधीच ठरलेलं असेल, तर या साधनांबद्दल सर्जनला विचारावं. साध्या अपेंडिक्ससाठी त्यांचा आग्रह धरू नये.

दुर्बिणीनं खरा फरक पडला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ मध्ये पोटात दुर्बीण घालून निदान करायला सुरुवात केली आणि १९९० मध्ये भारतातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन तिथेच केलं. छोट्या भोकांतून काम होतं, आतडी हवेवर उघडी पडत नाहीत, कोरडी होत नाहीत, त्यांच्यावर हातमोज्यांचा हात फिरत नाही. स्कॉटलंडमध्ये २००९ ते २०११ या काळात पोटाची ऑपरेशनं झालेल्या ७२,२७० रुग्णांचा पुढची काही वर्षं माग काढला गेला. आतडी चिकटल्यामुळेच पुन्हा भरती व्हावं लागलेले रुग्ण उघड्या ऑपरेशननंतर ४.३ टक्के निघाले आणि दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर १.७ टक्के. गावाकडे दुर्बिणीबद्दल अजून शंका असते, "एवढ्याशा भोकातून काय दिसणार?" दिसतं, आणि मोठं करून दिसतं. पण दुर्बिणीनं चिकटणं शून्यावर येत नाही. पोटात पू झालेला असेल तर भोक लहान की चीर मोठी यानं फारसं बिघडत नाही, पू स्वतःच चिकटवतो. आपल्याकडे पोटाचा क्षयही हेच करतो, आणि तोही पोटाला सुरी न लागता.

ऑपरेशनच झालं नाही तर चिकटण्याचा मोठा धोका आपोआप टळतो. वाक्य भाबडं वाटेल, पण महाराष्ट्रात ते भाबडं नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या जात असल्याचं २०१९ मध्ये बाहेर आलं आणि सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम दंड लावतो, डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो, पदरात दोन मुलं असतात, मग तिशीतच पिशवी निघते. मराठवाड्यातून अशा टोळ्या हंगामात पुणे जिल्ह्यातल्या कारखान्यांवर येतात. भोर तालुक्यातही अनंतनगर-निगडे इथे राजगड सहकारी साखर कारखाना आहे. पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, एवढ्यावर पिशवी काढायची गरज क्वचितच असते. ती काढली, तरी काही वर्षांनी ओटीपोट पुन्हा दुखायला लागतं, आणि या वेळी त्याचं कारण कधी कधी ते ऑपरेशनच असतं. पिशवी काढायला सांगितली की आधी सोनोग्राफी आणि तपासणीचा कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं. या प्रकरणातला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत खात्रीचा उपाय हाच आहे.

ऑपरेशन झाल्यावर पेशंटच्या हातात किती उरतं? खरं सांगायचं तर थोडं. दुसऱ्या दिवसापासून उठून चालावं, ते सगळ्यांनाच सांगतात. त्यानं आतडी लवकर जागी होतात, फुप्फुसं मोकळी राहतात, पायात रक्त गोठत नाही. चालल्यानं चिकटणं थांबतं याला मात्र भक्कम पुरावा नाही. चालावं ते इतर फायद्यांसाठी. ताप, जखमेतून पाणी, वाढत जाणारी पोटदुखी यांकडे दुर्लक्ष करू नये, कारण आत पू झाला की चिकटण्याचं प्रमाण फार वाढतं.

मालिशबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. उंदरांवरच्या एका प्रयोगात ऑपरेशननंतर लगेच पोट हलक्या हातानं हलवत राहिल्यावर चिकटणं कमी झालं. माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही. आपल्याकडे मात्र पोट दुखलं की आधी चोळणारीला बोलावतात. बेंबी सरकली म्हणून बेंबीवर दिवा लावून तांब्या पालथा घालतात, वायगोळा म्हणून ताकद लावून पोट दाबतात, आणि संडासला झालं नाही म्हणून एरंडेल पाजतात. जुनं ऑपरेशन असलेल्या पोटात आतड्याला फास बसला असेल, तर पुढची वाट बंद असते आणि एरंडेल मागून जोर लावतं. फुगलेलं आतडं फाटायचा धोका तिथेच वाढतो. ऑपरेशन झालेल्या माणसाचं पोट फुगलं असेल तर चोळू नये आणि जुलाबाचं औषध देऊ नये, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना नीट समजावून सांगण्याची गरज आहे.

"मग पुन्हा ऑपरेशन करून सोडवता येत नाहीत का?" हा प्रश्न हमखास येतो. येतात, पण सोडवलेली जागा म्हणजे नवी जखम. तिथे पुन्हा तेच. जुनं पोट उघडताना सर्जन व्रणाच्या एका टोकाला, शक्यतो जुन्या चिरेच्या जरा पलीकडे, बोटाएवढी जागा करतो, कारण ऐन व्रणाखाली आतडं भिंतीला टेकून बसलेलं असू शकतं. काही पडदे पातळ, आरपार दिसणारे असतात, कात्रीनं सहज सुटतात. काही पांढरे, जाड, आणि त्यांच्यात आतड्याची भिंत कुठे संपते हे कळत नाही. नेदरलँड्समधल्या एका रुग्णालयात अशा २७० ऑपरेशनांपैकी ५२ मध्ये सोडवताना आतड्याला नकळत भोक पडलं होतं. त्याच देशात जुनाट पोटदुखीच्या शंभर रुग्णांची चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांची आतडी दुर्बिणीनं सोडवली, निम्म्यांच्या पोटात नुसती दुर्बीण घालून पाहिलं, आणि कोणाचं काय केलं हे रुग्णाला सांगितलं नाही. आराम दोन्ही गटांत जवळपास सारखाच पडला. नुसतं दुखतंय एवढ्यासाठी आतडी सोडवून घेऊ नयेत, असं मला यावरून वाटतं. फास बसला तर गोष्ट वेगळी.

फास बसल्याचं ओळखायचं कसं? पोटात कळा येतात, लाटेसारख्या चढतात आणि उतरतात. आधी खाल्लेलं, मग हिरवं-पिवळं उलटतं. पोट तट्ट होतं. संडास तर नाहीच, वारासुद्धा सरत नाही. जुना व्रण आणि ही चार लक्षणं एकत्र आली तर घरी रात्र काढायची नाही. कळा येणं थांबून पोट सतत दुखायला लागलं, ताप आला, नाडी पळायला लागली, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता असते आणि मग प्रश्न तासांचा असतो.

इथे भोर-वेल्ह्याचा भूगोल मध्ये येतो. वेल्हे तालुक्यात, ज्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, तोरण्याच्या पलीकडच्या केळद-पासलीकडच्या माणसाला आधी वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं असतं. हिरडस मावळात, वरंधा घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्याला भोरचं उपजिल्हा रुग्णालय. दोन्हीकडून पुढे हायवेला लागून पुणं. जुलैच्या पावसात यातला पहिला टप्पाच सगळ्यांत अवघड असतो. म्हणून १०८ला फोन करताना "पोट दुखतंय" एवढंच न सांगता "पोटाचं ऑपरेशन झालेलं आहे, उलट्या होतायत, वारा सरत नाही" असं सांगावं. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे. वाटेत पेशंटला पाणी, चहा, सरबत काही पाजू नये. जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड सोबत घ्यावं, निदान मोबाइलमध्ये त्याचा फोटो तरी असावा. कारण दवाखान्यात "मावशी, आधी कधी पोटाचं ऑपरेशन?" असं विचारलं की कित्येक जणी सरळ "नाही" म्हणतात. सिझर आणि नसबंदी त्यांच्या हिशेबी ऑपरेशनात धरतच नाहीत, आणि डॉक्टरचं निदान तेवढंच लांबतं.

रुग्णालयात पोचल्यावर लगेच सुरी लागेलच असं नसतं. नाकातून नळी घालून पोट रिकामं करतात, सलाईन लावतात, तोंडानं सगळं बंद. आतड्याचा रक्तपुरवठा शाबूत असेल तर एक पाण्यात विरघळणारं एक्स-रेचं औषध नळीतून देतात आणि काही तासांनी फोटो काढतात. चोवीस तासांत ते मोठ्या आतड्यात उतरलेलं दिसलं, तर वाट बहुधा आपोआप मोकळी होते आणि बरेच रुग्ण टाके न पडता घरी जातात. घरी गेल्यावर पहिले काही दिवस मऊ भात, वरण, पातळ भाकरी-आमटी. फणसाचे गरे, मक्याचं कणीस, संत्र्याची साल-चोथा असं धागेदार काही अर्धवट चावून गिळू नये. एकदा अडकलेलं आतडं पुन्हा अडकण्याची शक्यता असते, तेव्हा पुढच्या खेपेला कळा सुरू झाल्यावर तिसऱ्या उलटीची वाट न बघता निघावं.